जुईली आता येत नाही

आशाने रिकामी पाटी धुऊन उपडी घातली, बसायच्या जागेवर पाणी मारलं, कोपरापर्यंत साबण लावून हात खसाखसा घासले आणि ती हंसाबेनच्या दुकानाकडे निघाली. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या होत्या, आणि मासेमारी बंद असतानाचे महिने पालीच्या कोळीवाड्यातल्या घरात काढल्यावर आज ती पहिल्यांदाच भाईंदरच्या बाजारात पापलेट घेऊन बसली होती. दुपारपर्यंत माल खपला. आता दोन कामं उरली होती. जुईली सेंटची बाटली घ्यायची आणि आपल्या लेकीचं, संचिताचं लग्न ठरलं हे हंसाबेनला सांगायचं. बातमी आधी सांगावी की बाटली आधी मागावी, एवढाच प्रश्न होता.

'हेमाली नॉव्हेल्टी'चं शटर अर्धं वर होतं. आशा वाकून आत शिरली तर समोर काउंटरच नाही. दोन माणसं भिंतीवरचे काचेचे कप्पे उचकटून काढत होती. जमिनीवर भुसा, खिळे आणि बांगड्यांचे फुटके तुकडे.

"हंसाबेन किधर है?" तिने विचारलं.

"दुकान खाली हो गया, मौसी," त्यातला एक म्हणाला. "अभी इधर मोबाइल का दुकान आएगा. कवर, चार्जर, सब मिलेगा."

"अरे, पण बाई कुठं गेली?"

त्याने खांदे उडवले. आशा तशीच शटरखालून बाहेर आली आणि पायरीवर उभी राहिली. नवऱ्याला, लेकीला सांगायच्या आधी कितीतरी गोष्टी तिने या दुकानात सांगितल्या होत्या. आज तिथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं.

पहिल्यांदा ती इथे आली तेव्हा लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बाजार आटपून बसमध्ये चढली, तशी शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली. आशा पुढच्याच थांब्यावर उतरली आणि समोर दिसलेल्या पहिल्या दुकानात घुसली. काउंटरमागे तिच्याच वयाची एक गुजराती बाई बसली होती. कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या घरातली.

"वासाचं कायतरी द्या. चांगलं," आशा म्हणाली होती.

हंसाबेननेही रुमाल नाकाला लावलाच होता. पण दुसऱ्या हाताने तिने स्टूल पुढे सरकवलं. "खोटं नाय बोलणार," ती म्हणाली, "मला मच्छीचा वास सहन होत नाय. पण तू बैस. पंख्याखाली बैस." मग एकेक बाटली उघडून तिने आशाच्या मनगटाला लावली. शेवटी जुईली निघाली. निमुळती हिरवट बाटली, वर कळीसारखं झाकण. वास जुईचा, पण त्यात कुठेतरी ओल्या गवताचाही. आशाला तो आवडला तो आवडलाच. तेव्हापासून बाटली संपत आली की ती हंसाबेनकडे यायची, आणि पुढे पुढे संपत आली नसली तरी यायची.

त्या दुपारी तिने बाजारातली सगळी दुकानं पालथी घातली. कोणी जुईलीचं नावच ऐकलं नव्हतं. एका म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र मान हलवली. "जुईली ना? ती आता येत नाही. कंपनीच बंद झाली, ताई. दुसरं देऊ का? हे बघा, सेम वास." त्याने दिलेल्या बाटलीला फरशी पुसायच्या पाण्याचा वास होता.

घरी बाटलीच्या तळाशी होतं तेवढं आशाने काटकसरीने वापरलं. तेही संपलं. त्यानंतर दोनेक दिवसांनी राघो, तिचा नवरा, होडीवरून आला, जेवायला बसला आणि भाताचा घास हातात धरून थांबला.

"तुजा वास कुठं गेला?" त्याने विचारलं.

"कसला वास?"

"तो. फुलांचा. तू बाजारातून आलीस का येतो तो."

आशा त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत या माणसाने त्या वासाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. डिझेल, जाळी आणि खारं पाणी यांपलीकडे याच्या नाकाला काही कळत नाही, असं ती धरून चालली होती.

"संपला," ती म्हणाली. "मिळत न्हाय आता."

"मग शोध ना," राघो म्हणाला आणि घास तोंडात घातला.

संचिताने फोनवर शोधून बघितलं. ती मीरा रोडला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती आणि घरातलं सगळं सामान फोनवरूनच मागवायची. जुईलीचा एक जुना फोटो सापडला. खाली लिहिलं होतं, उपलब्ध नाही. "आई, डिस्कंटिन्यू झालंय ते," ती म्हणाली. "सोड ना. किती चांगले परफ्यूम येतात आता. मी मागवते एखादा."

"वास न घेता मागवतेस?"

"रिव्ह्यू वाचायचे."

"लोकांच्या नाकावर मी का भरोसा ठेवू?" आशा म्हणाली.

खरं तर बाटलीपेक्षा हंसाबेनचंच तिला जास्त लागून राहिलं होतं. बाई गेली कुठे? आजारी आहे का? आहे तरी का? दुकानासमोरच्या पानवाल्याला तिने पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने डोकं खाजवत सांगितलं की अल्पेश, हंसाबेनचा मुलगा, मीरा रोडच्या हाटकेशला राहतो, आणि त्याच्या इमारतीचं नावही आठवून दिलं.

पुढच्या सोमवारी आशाने बाजाराला सुट्टी दिली. सकाळी डोक्यावरून आंघोळ केली, ठेवणीतली साडी नेसली, अबोलीचा गजरा माळला आणि बस, मग रिक्षा करत हाटकेशला पोचली. दार हंसाबेननेच उघडलं. आशाला वाटलं, बाईला कोणीतरी धुऊन आखडवून टाकलंय. ठसठशीत कुंकू, काजळ, हातभर बांगड्या यांतलं काही नव्हतं. अंगात गाऊन, केसांची कशीबशी बांधलेली गाठ.

"हाय हाय! आशा?" हंसाबेनने दोन्ही हातांनी तिचे दंड धरले. "तू इकडे कशी आली?"

"कशी आली विच्यारतेस? न सांगता न सवरता पळालीस ती? मी दुकानात गेले तर भिंती तोडत व्हते!"

हंसाबेन तिला आत घेऊन गेली. सोफ्यावर बसल्यावर तिने पदर नसलेल्या गाऊनच्या बाहीलाच डोळे पुसले. "तुला कुठे सांगू? तुझा फोन नंबर नाय माझ्याकडे. कधी लागलाच नाय ना. तू येणार ते मला माहीत, मी बसलेली असणार ते तुला माहीत."

ते खरंच होतं. दोघींनाही हसू आलं.

मग हंसाबेनने सगळं सांगितलं. मालकाला जागा परत हवी होती. गिऱ्हाइकं तशीही कमी झाली होती. पोरी दुकानात यायच्या, शेड हातावर लावून बघायच्या, फोटो काढायच्या आणि घरी जाऊन फोनवर मागवायच्या. कंपन्यांचे सेल्समन यायचे बंद झाले. आज ही पावडर येत नाही, उद्या ती क्रीम येत नाही. अल्पेश म्हणाला, मम्मी, आता आराम कर. खपण्यासारखा सगळा माल त्याने एका व्यापाऱ्याला देऊन टाकला.

"जुईली पण?" आशाने विचारलं.

हंसाबेनचा चेहरा उतरला. "पण. पाच-सहा बाटल्या होत्या शेवटच्या. मला तेव्हा सुचलंच नाय, आशा. व्यापाऱ्याची पोरं खोकी उचलत होती, मी नुसती बघत बसली. तुझ्यासाठी एक तरी ठेवायला पाहिजे होती मी. एक तरी." आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

आशाला कळेना, आपण सेंटसाठी आलो आणि हे काय करून बसलो. ती उठून हंसाबेनच्या शेजारी बसली. "अगं बाटलीसाठी कोण रडतं? तू जिती हायस, बस झालं. पोरीचं लगीन ठरलंय माज्या. संचिताचं. तुळशीचं लगीन झाल्यावर."

हंसाबेनचं रडं अर्ध्यावरच थांबलं. "आपली संचु? फ्रॉकवर नेलपॉलिश सांडली होती ती?"

"तीच. आणि लग्नात मी काय पापलेटाचा वास घेऊन मिरवू? ऊठ. साडी नेस. मला दुसरं काय शोभंल ते तूच निवडून दे."

"मी? आता माझं दुकान कुठे आहे?"

"दुकान दुसऱ्याचं असू दे. नाक तर तुजंच हाय ना?"

हंसाबेन हो-नाही करत उठली. आत गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा कुंकू लावलेलं होतं.

मीरा रोडच्या मॉलमधलं सेंट-लिपस्टिकचं दुकान इतकं चकचकीत होतं, की आशा दारातच चपला काढायला वाकली. हंसाबेनने तिचा हात धरून तिला आत ओढलं. काळ्या ड्रेसमधली एक मुलगी पुढे आली. छातीवर नाव होतं, पिंकी.

"मॅम, फ्लोरल बघणार की वुडी? फ्रुटी पण आहेत."

"लगीन हाय माज्या पोरीचं," आशा म्हणाली. "त्याला चालंल असं दे."

पिंकीने कागदाच्या पट्टीवर फवारा मारून ती पुढे केली. हंसाबेनने पट्टी बाजूला सारली. "कागदावर नाय, बेटा. कागद घालून लग्नात जाणार आहे का ती? हातावर मार."

एक डावं मनगट, एक उजवं. मग कोपराची आतली बाजू, मग दंड. आशाचे हात संपले, तशा हंसाबेनने आपल्या बाह्या वर सारल्या. एकमेकींचे हात धरून दोघी हुंगत होत्या, नाकं मुरडत होत्या. "हा मिठाईच्या दुकानासारखा." "हा तर डॉक्टरकडचा." "हा चांगला आहे, पण हा पुरुषाचा वाटतो." "मग राघोला घेऊ?" त्यावर दोघी इतक्या खिदळल्या की दारातला वॉचमन आत डोकावून गेला. नाक थकलं की कॉफीच्या बिया हुंगायच्या असतात, असं पिंकीने सांगितलं. आशाने बी हुंगली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "यातच जास्त चांगला वास हाय." पिंकीलाही हसू आवरेना.

आणि या सगळ्यात आशाने बघितलं, की हंसाबेन सरळ उभी राहिली होती. आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला होता. ती पिंकीला विचारत होती, हे कुठे बनतं, कोणता रंग जास्त जातो. शेजारच्या एका बाईला तर तिने न विचारताच सांगून टाकलं, "ती लिपस्टिक नका घेऊ, तुमच्या रंगाला राखाडी दिसेल. ही घ्या." त्या बाईने ती मुकाट्याने घेतली.

"आंटी, तुम्ही रोज या ना," पिंकी म्हणाली. मग तिचं हसू जरा ओसरलं. "म्हणजे, महिनाअखेरपर्यंत. मग हे पण बंद होतंय. कंपनीने सांगितलं, आता फक्त ऑनलाइन."

हंसाबेनने दुकानभर नजर फिरवली. एवढे दिवे, एवढ्या काचा, आणि हेही जाणार. तिने पिंकीच्या गालाला हात लावला. "आणि तू?"

"दुसरीकडे बघतेय, आंटी."

"मिळेल. तुला गिऱ्हाइकाशी हसता येतं. ते सगळ्यांना येत नाय."

शेवटी आशाने काहीच घेतलं नाही. वास वाईट नव्हते, पण लावले की तिला आपण दुसऱ्याची साडी नेसल्यासारखं वाटत होतं. बाहेर पडून दोघींनी कांदा न घातलेली शेवपुरी खाल्ली. दोघींच्या अंगाला मिळून इतके वास येत होते, की शेवपुरीवाला मधेमधे शिंकत होता.

"हळदीला यायचं," आशा म्हणाली. "माज्या घरी. पालीला."

हंसाबेनचा हात पुरीवर थांबला. इतक्या वर्षांत ती कधी पालीला गेली नव्हती. न जाण्याचं कारण दोघींनाही ठाऊक होतं आणि त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"तुज्यासाठी वेगळी चूल मांडते," आशा म्हणाली. "नवी भांडी आणते. आमटी-भात कर, नायतर नुसती केळी खा. पण पोरीच्या तोंडाला रंग तू लावायचा. दुसरं कोण न्हाय."

"अल्पेशला विचारते," हंसाबेन म्हणाली. पण तिने विचारलं नाही, सांगितलं.

हळदीच्या दिवशी अल्पेशच तिला गाडीतून घेऊन आला. पालीच्या अरुंद गल्लीत गाडी शिरेना, म्हणून ती बाहेरच ठेवून मायलेक चालत निघाले. दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत होते. अल्पेशने श्वास रोखून धरला होता आणि त्याचा चेहरा लाल होत चालला होता. "श्वास घे रे," हंसाबेन म्हणाली, "मरशील." तिने स्वतः पदर कंबरेला खोचला होता आणि छातीशी एक मोठा डबा धरला होता.

घरात गोंधळ माजला होता. संचिता तोंड फुगवून बसली होती. लग्नासाठी तिने एक लिपस्टिक ठरवून ठेवली होती, विटकरी आणि गुलाबी यांच्या मधली. साडीचं ब्लाउज त्यावर बेतून शिवलं होतं. आणि आता ऑर्डर करायला गेली तर तो रंगच कंपनीने काढून टाकला होता. हाताशी उरला होता एक वाळलेला शेवटचा तुकडा.

"सोड ना, किती चांगले रंग येतात आता," आशा म्हणाली.

"आई, टोमणे मारू नकोस हं!" संचिता ओरडली, आणि रडता रडता हसली.

हंसाबेनने डबा उघडला. अल्पेशच्या व्यापाऱ्याने न घेतलेलं, कोणाला न खपलेलं बरंच काही त्यात होतं. तिने तो वाळका तुकडा उजेडात धरून बघितला. मग दोन लिपस्टिक काढून आपल्या हाताच्या पाठीवर घासल्या, बोटाने कालवल्या. जरा जास्तच लाल झालं. पुसलं, पुन्हा कालवलं. आता तपकिरी झालं. तिसऱ्या खेपेला संचिताच्या ओठाला लावलं. संचिताने आरशात तोंड इकडून तिकडून वळवून बघितलं.

"तसाच नाहीये," ती म्हणाली.

"तसा नाय होणार," हंसाबेन म्हणाली. "त्याच्या जवळपासचा होईल. आणि हा फक्त तुझा आहे. दुकानात नाय मिळणार कोणाला."

संचिताने पुन्हा आरशात बघितलं. मग ती हंसाबेनच्या गळ्यात पडली, आणि अर्धी लिपस्टिक हंसाबेनच्या खांद्यावर उमटली.

ते बघून मावश्या, आत्या, शेजारणी सगळ्या डब्याभोवती गोळा झाल्या. मला काजळ घाल. मला पण लाव. ही पिन केवढ्याला? भाईंदरला बस पकडून जायचं, तिथे कोणी नीट दाखवत नाही, आणि फोनवरून मागवलं तर माणूस गल्लीत पत्ताच शोधत बसतो, अशी सगळ्यांची कुरकुर. हंसाबेन घामाने निथळत होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. अल्पेश दारात खुर्चीवर केळं खात बसला होता. राघोने त्याला आपली होडी दाखवायला नेलं, तेव्हा तो निमूटपणे गेला. परत आला तेव्हा त्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती आणि तो खुशीत होता.

रात्री निघताना आशा त्याला म्हणाली, "अल्पेश, माजा ओटा दुपारचा रिकामा असतो. मी बाजारात जाते, ती दुपार कलल्यावर येते. तुजी आय आठवड्यातनं एकदा येऊन बसली तर?"

"आशामासी, लोक काय बोलतील? मुलगा असून आईला बसवली..."

"लोक विच्यारतील, काजळ आलं का," हंसाबेन मधेच म्हणाली. "अल्पेश, मला टीव्हीसमोर बसवून तू माझा आराम नाय केला, बेटा. मला दुकानासारखं रिकामं केलं."

ती हे रागाने म्हणाली नव्हती. गाडीपाशी पोचल्यावर अल्पेश म्हणाला, "मंगळवारी मला सुट्टी असते. मंगळवारी मी सोडीन."

अशी हंसाबेन पालीला यायला लागली. मशीद बंदरच्या घाऊक बाजारातून माल आणायची. मोठ्या कंपन्यांचा कमीच, लहानसहान माणसांनी बनवलेला जास्त. एका मंगळवारी आशा बाजारातून आली, तेव्हा हंसाबेनने तिच्यासाठी एक छोटीशी कुपी आणली होती. नाव नव्हतं, लेबलही नव्हतं. कोणी म्हातारा अत्तरवाला स्वतःच भरून देतो म्हणाली. आशाने मनगटाला लावलं, हुंगलं. जुईली नव्हती. जुई होती, पण ओलं गवत नव्हतं. त्याऐवजी काहीतरी उन्हासारखं होतं.

"कसं आहे?" हंसाबेनने विचारलं.

"थांब, बाई," आशा म्हणाली. ती अंगणात गेली, जाळी विणत बसलेल्या राघोच्या शेजारून उगाचच दोनदा इकडून तिकडे गेली. राघोने मान वर केली.

"मिळालं वाटतं," तो म्हणाला.

"ते न्हाय. दुसरं हाय."

राघोने जरा विचार केला. "चालंल," तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

आशा परत आली तेव्हा ओट्यावर शांताबाई येऊन बसल्या होत्या. गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. दात नव्हते, कमरेत वाकलेल्या, पण मासे साफ करण्यात अजून कोणाला हार न जाणाऱ्या. त्यांनी आपली बोटं हंसाबेनसमोर पसरली होती.

"मला लाल पायजे," त्या म्हणाल्या. "नखांना. एकदम लाल. जन्मात लावली न्हाय कदी."

"आज गुलाबी आहे, आजी. लाल पुढच्या मंगळवारी आणते."

"पुढच्या मंगळवारापर्यंत मी मेले तर?"

"मग आज गुलाबी लावू, पुढच्या मंगळवारी लाल," हंसाबेन म्हणाली. तिने बाटली तळहातांत घोळवली, शांताबाईंचा खरखरीत अंगठा आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि ब्रश अलगद टेकवला. "आता हलू नका हं, आजी."

शांताबाईंनी श्वास रोखून धरला. आशाने पाट ओढला आणि आपला हात पुसून शेजारी पसरला.